पेशींना फुटाणे

रोहिणखेडात माणसाच्या डोक्यावर देवाखालोखाल कोणाची सत्ता चालत असेल, तर ती आमच्या घरमालकीण काकूंची. जीवशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण शिकवणं सुटलं नाही. शाळेत निदान सुटीची घंटा तरी व्हायची. त्यांचं म्हणणं एकच. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, आणि तोच निरोप पुन्हा पुन्हा गेला की त्यांच्यात वाट पडते. "वावरातून रोज गेलं तं गवत दबते अन् पायवाट होते ना? तसंच हाय ते." कोणी चुकलं तर रागवायच्या नाहीत. "वाट चुकली, माघारी ये," एवढंच. स्वतः काही विसरल्या तर खरोखरच उलट्या पावलांनी स्वयंपाकघरात जायच्या, आठवण सुटली तिथून उचलायला. एकदा अशाच कणकेच्या परातीत बसल्या.

पहिला प्रयोग काकांवर झाला. काका खोलीतून निघताना दिवा चालूच ठेवायचे. मग काकूंनी ठरवलं, दिवा बंद केला की लगेच चहा. काका सुधारले, पण पेशींनी भलतीच वाट पाडली. आता दिवा बंद केला की त्यांना चहा लागतो, घर कोणाचंही असो. एका साखरपुड्यात त्यांनी भर मांडवात बटण दाबलं आणि अंधारात स्वयंपाकघराकडे तोंड करून शांत बसले. "लाइट काऊन घालवला बे?" नवरीचा मामा ओरडला. काका म्हणाले, "बिनसाखरेचा चालते मले."

मी चिपळूणकडची. शाळा सातवीतच सुटली, आणि हिच्या डोक्यात काही शिरत नाही, हे ऐकतच मोठी झाले. नवरा ट्रकवर, कधीतरी घरी येणारा. मोताळ्याच्या शिवणकेंद्रात मला काम मिळत होतं, पण एसटीची वेळ जुळेना. एक तारखेपासून वेळेवर येणार असशील तर ये, नाहीतर जागा दुसरीला, असं तिथल्या बाईंनी सांगून टाकलं. काकूंची जुनी स्कूटी होती. ती दिसली की मी लांबून वळसा घालून जायचे.

"काकू, मला नाही जमायचं. माझ्या डोक्यात भुसा आहे."

"भुसा असता तं आमच्या गाईनं कधीचाच खाल्ला असता. बस गाडीवर."

शाळेच्या मैदानात धडे सुरू झाले. गाडी नीट थांबली की काकू धावत येऊन माझ्या तळहातावर फुटाणे ठेवायच्या. लगेच, कारण उशीर झाला तर पेशींना कळत नाही म्हणे, बक्षीस कशाचं ते. पहिल्या दिवशी मी थेट बाभळीत शिरले. "वाट चुकली, माघारी ये." धडा संपला की सक्तीची झोप. "निज आता. झोपेत पेशी वाट पक्की करतात." भरदुपारी कोणीतरी माझ्या अंगावर पांघरूण घालत होतं, माहेर सुटल्यापासून पहिल्यांदाच. भिंतीकडे तोंड करून मी थोडी रडायचे, मग खरंच झोप लागायची.

लायसन्स निघालं. एक तारखेला मी मोताळ्याला वेळेच्या आधी पोचले, गाडी लावली आणि नकळत हात पुढे केला. बाईंनी तो हलवून माझं स्वागत केलं.

काकू सध्या लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला आहेत. संध्याकाळी अंगणात गाडी लावली की माझा तळहात आपोआप उघडतो. काका ओट्यावरून उठतात, त्यावर फुटाणे ठेवतात, ओट्यावरचा दिवा बंद करतात आणि माझ्याकडे बघत बसतात. मी चहा ठेवते. अंधारातच आम्ही दोघं पितो. काकू येईपर्यंत पायवाटेवर गवत वाढू द्यायचं नाही, असं आमचं न बोलता ठरलंय.