चिखल मोजणारे साडू

चिखल मोजण्याचा पगार घेणारा आणि सुट्टीत तोच चिखल आमच्या स्वयंपाकघरात शोधणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो माझा थोरला साडू निघावा हे माझं नशीब. गुजरातेत तेव्हा नुकत्याच तेलाच्या विहिरी खोदू लागले होते. तिथे भोक पाडताना कालवलेला चिखल आत सोडतात. तो दगडाचा चुरा वर आणतो आणि भोकाची भिंत धरून ठेवतो. तो फार घट्ट नको, फार पातळ नको, हे पाहायचं काम साडूंकडे होतं. दर उन्हाळ्यात ते महिनाभर मारेगावजवळ आमच्याकडे उतरत आणि ट्रंकेत कपड्यांच्या आधी नरसाळं भरून आणत. आमच्या हिने कढी केली की ते ती नरसाळ्यातून सोडत, खाली उतरायला किती वेळ लागतो ते मनगटावरच्या घड्याळात बघत आणि बेसन जास्त झाल्याचा निकाल देत. तोवर कढी निवलेली असे. शाळेचे टीपकागद तर त्यांनी संपवलेच. त्यांवर चिखल ओतून खाली पाणी किती झिरपलं आणि वर थर किती जाड बसला, हे ते मला भर जेवणात दाखवत. मी मुकाट्याने मान डोलवी, कारण साडूशी वाद घातला की दोन्ही बहिणी एक होतात आणि जेवण आपलं बिघडतं.

त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या माझ्या शाळेपाशी सरकारी बोअरिंगचं यंत्र आलं. पाणी लागलं तर शाळा पक्की, नाही तर ती दुसऱ्या गावी हलणार, असं साहेबांनी मला बजावलं होतं. तांड्याच्या बायका दोन कोसांवरच्या नाल्यातून पाणी आणत. भोक ढासळायला लागलं तेव्हा यंत्रावरच्या मिस्त्रीने शेण आणि चिकणमाती मागितली. मग काय, मी घरोघर फिरलो, टोपल्यांची रांग लावली, आणि मिस्त्री पुरे म्हणाला तरी आणवतच राहिलो. साडूंनी शेणमाती कालवलेल्या खड्ड्यातला तो रबडा नरसाळ्यात ओतला. तो खाली उतरेचना. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "गुरुजी, हे भोक नाही पाडून राह्यले तुम्ही, आतून लिंपून राह्यले. पाण्याच्या थराचं तोंडच बुजवलं तं पाणी येईन कुठून?"

माझं डोकं फिरलं. तुम्ही पाहुणे आहात, पाहुण्यासारखे बसा, असं मी त्यांना सुनावलं. ते खरोखरच बाभळीखाली जाऊन बसले. आणखी दोन दिवस यंत्र चाललं, पाणी धरणारा वाळूचा खडकही लागला, पण पाणी नाही. मिस्त्रीने 'कोरडं' असा शेरा मारला आणि यंत्र वणीकडे गेलं. भोकाच्या तोंडाशी भिंत धरायला घातलेली लोखंडी नळी काढायला माणसं आठ दिवसांनी यायची होती.

त्या आठ दिवसांत साडूंनी माझा जो छळ मांडला, तो वैऱ्यालाही नको. त्यांनी पत्र्याची लांबोडकी बादली करवली, दोरखंड बांधला आणि भोकात स्वच्छ पाणी ओतून ती खालीवर हापसायला लागले. पाणी कुठलं, तर बायकांनी नाल्यावरून आणलेलं. तांड्याचा नायक माझ्या दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, बायका दोन कोसांवून घागर आणून राह्यल्या, अन् तुमचा पाव्हणा थे भोकात वतून राह्यला. काहून?" रागारागाने मीच जाऊन दोरखंड धरला. सहा दिवस माझ्याच शेणामातीचा हिरवट, घाण वासाचा गाळ वर आला. सातव्या दिवशी आम्ही उपसलं तेवढं पाणी आपोआप परत भरलं. बायका हसत होत्या, नायक भोकाला हात जोडत होता. साडू मात्र घड्याळ लावून पाणी किती वेळात चढतं ते बघत होते.

शाळा राहिली, भोकावर पंप बसला. साडूंना मोटारीत बसवताना मी म्हटलं, जिंकलात तुम्ही. ते म्हणाले, "निम्मे झिरे बुजलेच, गुरुजी. थे आता उघडत नाहीत." मोटार निघाली.

वैशाखात दुपारी पंप कोरडा खोकतो. मग बायका रिकाम्या घागरी मांडून तासभर सावलीत बसतात, आत पाणी भरेपर्यंत. त्या विहिरीला सगळा तांडा मास्तरचं बोअरिंग म्हणतो. त्या तासाचं कारण साडूंनी माझ्याशिवाय कधी कुणाला सांगितलं नाही, आणि माझ्याही तोंडून ते अजून निघालेलं नाही.