तात्यांचा नवा पडदा

आमच्या शेजारचे तात्या स्वतःची चूक कधी मानत नसत. ते गारगोटीच्या रस्त्यावर वडाप करायचे. जीपमध्ये मावतील तेवढी माणसं भरून गावोगाव सोडायचे. जीपला ओरखडा आला, तर रस्ता अरुंद. समोरचा ट्रक उशिरा दिसला, तर त्याचा दिवा मंद. शेवटच्या वर्षी ओरखडे फार वाढले होते.

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग ‘एचडी’त झालं. तात्यांनी बत्तीस इंची नवा टीव्ही आणला आणि मला हाक मारली. “भाऊ, पोरीचं तोंडच दिसंना. समदं धुरकट.”

मी आकड्यांत सांगितलं. शूटिंगमध्ये आडव्या रेषा १०८०. टीव्हीही तेवढ्याच दाखवतो. पण त्यांचा जुना डीव्हीडी प्लेअर ५७६ वर थांबतो, आणि तीन रंगी पिनांच्या वायरीतून त्याहून जास्त जातच नाही. एक वस्तू कमी पडली, की बाकीच्यांचा उपयोग नाही.

“म्हंजे एक नट ढिला, तर गाडी ढिली,” तात्या म्हणाले.

पटलं की ते करून मोकळे व्हायचे. एचडी डिस्क चालवणारा नवा प्लेअर आला, शूटिंगवाल्याकडून तशी डिस्क आली, एचडीएमआय वायर आली. एवढ्या टीव्हीला पाच फुटांवर बसा म्हटलं, तर त्यांनी फरशीवर खडूनं रेघ ओढली.

रविवारी आम्ही सगळे बघायला बसलो. “बाई, केसात अडकलेल्या अक्षतासुद्धा दिसत्यात,” काकू म्हणाल्या. तात्यांची खुर्ची रेघेच्या पुष्कळ पुढे सरकली होती.

“मला धुकंच दिसतंय. वायर डुप्लिकेट दिली दुकानदारानं.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी प्लेअर, वायर, टीव्हीची सेटिंग पुन्हा तपासली. सगळं जुळत होतं. तपासायचे उरले होते ते तात्यांचे डोळे, आणि त्यांच्या भरवशावर उद्या सकाळी जीपभर माणसं बसणार होती.

“तात्या, उद्या गाडी काढू नका. डॉक्टरांकडं जाऊन या.”

“टीव्ही बिघडला म्हणून डॉक्टर? मेकॅनिक बोलवा की.”

काकूंनी हट्टानं नेलंच. संध्याकाळी तात्या एकटेच माझ्या दारात आले.

“डॉक्टर म्हणतोय, साखरेनं पडदा खराब झालाय. गेला तेवढा परत येत न्हाय. मी म्हटलं, पडदा तर नवाकोरा हाय, मागल्याच महिन्यात घेतलाय. त्यो हसला न्हाय, भाऊ. मग कळलं, कुठला पडदा म्हणतोय ते.”

त्यांनी जीपची किल्ली माझ्या हातात ठेवली. “मी मागितली तरी देऊ नका.”

सकाळीच ते मागायला आले. “पॅशिंजर स्टँडवर ताटकळल्यात. द्या.”

“नाही.”

“हळू चालवतो की. रस्ता पाठ हाय मला.”

“रस्ता पाठ असेल तात्या, रस्त्यावरची माणसं पाठ नाहीत.”

“लई शाना झालास,” ते म्हणाले. एरवी ते मला अहो-जाहो करायचे. भिंतीला हात लावत ते परत गेले.

जीप विकली गेली. पुढची काही वर्षं ते दारात खुर्ची टाकून बसत. मी समोरून जायचो, ते माझ्या दिशेनं बघत असायचे आणि काही बोलायचे नाहीत. तो राग होता, की मी त्यांना दिसतच नव्हतो, हे विचारायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही.