जुनं ऑइल

गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर बदलायला ऑटोमॅटिक गाडी गॅरेजमध्ये नेली. सलीमभाईंनी ऑइल मोजायच्या पट्टीवरचा काळा थेंब बोटांत चोळला, हुंगला.

"दहा वर्षांत एकदाही बदललं नाही ना? आता राहू द्या, साहेब. क्लच प्लेटा झिजल्यात. त्यांचाच भुगा ऑइलमध्ये आहे, त्यावर गिअर पकड धरतात. स्वच्छ ऑइल घातलं, तर गाडी जागची हलणार नाही."

झिजून जे निघालं, त्याच्याच आधाराने चाललेली ती गाडी मी हळूहळू घरी आणली. आज बायकोशी इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं एकदा बोलून टाकायचं, असं सकाळीच ठरवलं होतं.

"बदललं?" दार उघडत तिने विचारलं.

"नाही. चालेल तितके दिवस असंच चालवा म्हणाले."

"बरं," ती म्हणाली. मग आम्ही चहा घेतला, नेहमीसारखाच, न बोलता.