भाऊजींच्या गुडघ्याचा पट्टा

आमच्या भाऊजींना खोटं बोलता यायचं नाही. लग्न ठरलं तेव्हा ताईला त्यांची हीच गोष्ट आवडली होती. पुढे तिने त्यावरून कपाळाला हात लावला, ते वेगळं.

भाऊजी रक्ताचे नमुने पोचवायचे. दवाखान्यांतून नळ्या गोळा करायच्या, बर्फाच्या पेटीत ठेवायच्या आणि पेटी मोटारसायकलला मागे बांधून लॅबमध्ये नेऊन द्यायची. नळ्या हिंदकळल्या तर रक्त बिघडतं, म्हणून मागे बाळंतीण बसली असावी तशी ते गाडी चालवत. सिग्नलला उजवा पाय ब्रेकवर आणि गाडीचा, पेटीचा, स्वतःचा सगळा भार डाव्या पायावर. पेटी हलू नये म्हणून तो पाय खुंटासारखा रोवून उभे राहत. वर्षानुवर्षं हेच केल्यावर शेवटी त्या गुडघ्याने हात टेकले.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, दोन्ही बाजूंना बिजागऱ्या असलेला पट्टा बांधा, गाडी चालवता येईल. पट्टा महाग होता, पण कंपनीचा आरोग्य विमा होता. चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी विचारलं, "चालताना दुखतं का?"

कुठलाही शहाणा माणूस हो म्हणाला असता. भाऊजी म्हणाले, "चालताना काही नाही. गाडी पायावर घेतली की दुखतं. गाडीसाठीच हवाय." डॉक्टरांनी तसंच लिहिलं.

विमावाल्यांनी क्लेम नाकारला. त्यांच्या मते मोटारसायकलसाठीचा पट्टा म्हणजे हेल्मेट, हातमोजे यांच्यातलं सामान, उपचार नव्हे. फोन केला की आधी गाणं ऐकावं लागे, मग एखादी मुलगी बोलायला येई. दरवेळी वेगळी, आणि प्रत्येकीला गुडघ्याची कहाणी पहिल्यापासून. भाऊजी ती न कंटाळता सांगत. माझं मात्र डोकं फिरायचं. एकदा फोन हिसकावून मी म्हटलं, "अहो बाई, गुडघा त्यांच्या पायाला आहे, गाडीला नाही." ती गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमची तक्रार नोंदवली आहे."

शेवटी एक मायाळू मुलगी भेटली. आवाज खाली करून म्हणाली, "काका, डॉक्टरांकडून 'चालण्यासाठी आवश्यक' असं लिहून आणा. लगेच काम होईल."

भाऊजी तयार होईनात. जेवताना ताईने विषय काढला.

"कुणाचा गळा कापायचाय का? एक शब्द तर बदलायचाय."

"अगं, पण मला चालता येतं."

"मग दवाखान्यापर्यंत जरा लंगडत चला."

ते लंगडले, पण इतकं वाईट की मध्येच त्यांचा लंगडायचा पायच बदलला. डॉक्टर हसले आणि चिठ्ठी बदलून दिली. क्लेम मंजूर झाला. पट्टा बांधून भाऊजी गाडीवर बसले, डावा पाय टेकवला, गाडी त्यावर झुकवली आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "दुखत नाही." लहान मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा. मला फार बरं वाटलं.

पण मंजुरीचा कागद भाऊजींच्या कंपनीच्या ऑफिसातही जातो, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं. तिथल्या मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. मी सोबत गेले, कारण एकटे गेले असते तर मान डोलवून परत आले असते.

"यात लिहिलंय की पट्ट्याशिवाय तुम्हाला चालता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "अशा माणसाला मी गाडीवर कशी पाठवू? उद्यापासून काउंटरला बसा. तुमच्याच भल्यासाठी सांगतेय."

"मॅडम, मला चालता येतं." भाऊजींनी तिथेच पट्टा सोडला, उठले आणि खिडकीपर्यंत जाऊन आले. अगदी सरळ.

मॅडमनी सगळं पाहिलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे क्लेम खोटा होता?"

भाऊजी खाली बसले. हो म्हणावं तर फसवणूक, नाही म्हणावं तर गाडी गेली. इकडे आड, तिकडे विहीर. आणि मॅडम मुळीच वाईट नव्हत्या. भांडायला समोर कुणीतरी दुष्ट लागतं, तेही आमच्या नशिबात नव्हतं. भाऊजींनी खिशातून गाडीची किल्ली काढली, शर्टाला पुसली आणि टेबलावर ठेवली.

आता ते लॅबच्या खिडकीत बसून दुसऱ्यांनी आणलेल्या पेट्या उतरवून घेतात. नळ्या हिंदकळलेल्या दिसल्या की त्यांचा जीव तुटतो. घरी आले की पट्टा काढून खुंटीला अडकवतात. पूर्वी तिथे हेल्मेट असायचं.

परवा मी ताईकडे असताना विमा कंपनीतून फोन आला. तीच मायाळू मुलगी होती. "काका, पट्ट्याचा उपयोग होतोय ना?"

भाऊजींनी खुंटीकडे पाहिलं.

"हो तर," ते म्हणाले. "चालताना फार आधार होतो."

आवाज जराही अडखळला नाही. ताई उठून आत गेली.