तरव्याच्या रंगाचा धूर

“मी मेले तरी अशी बाहेर यायची नाही,” सासूबाई न्हाणीतून म्हणाल्या आणि पुढे नुसताच खोकला ऐकू आला.

न्हाणीच्या दाराखालून हिरवट धूर चौकात येत होता. शेजारचा संडास मी धुवायला घेतला होता. दोन्हींच्या मधल्या भिंतीला खाली पाणी जायला भोक होतं, तिथून धूर सासूबाईंकडे गेला. त्या आतून कडी लावून, ओल्या लुगड्यात. कोरडं लुगडं वर गच्चीवर वाळत होतं. आणि चौकात खाटेवर घरमालकीण भाभीजींचे सासरे बसले होते. परक्या पुरुषासमोर ओलेत्याने यायचं नाही, हे सासूबाईंचं ठरलेलं. जीव गेला तरी.

दिवाळीच्या आधीची दुपार होती. जयपूरला त्या दिवसांत ऊन मऊ होतं आणि सगळं जरा लांबून पाहिल्यासारखं दिसतं.

आम्ही त्या साली नवे होतो. आमचे हे विमा कंपनीत होते, त्यांची इथे बदली झाली आणि देवरुखकडचं घर बंद करून आम्ही मानसरोवर वसाहतीत भाभीजींच्या घराच्या मागच्या भागात राहायला आलो. मानसरोवर तेव्हा अर्धी घरं, अर्धी वाळू. संध्याकाळी मोर येऊन गच्च्यांवर बसायचे. निघताना माझ्या वडिलांनी ट्रंकेत कुळथाच्या पिठाशेजारी टीसीएल पावडरचा, म्हणजे ब्लीचिंगचा, डबा ठेवला होता. गावच्या विहिरीत पावसाळ्यात ती पावडर टाकायचं काम त्यांचंच. “पाणी बघून पी,” एवढंच ते म्हणाले. रडले वगैरे नाहीत. मीही नाही.

इथलं पाणी बघून मला वडिलांची आठवण यायची. खारं पाणी. डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही, फरशीवर पांढरा थर. कोकणात असलं काही पाहिलं नव्हतं. भाभीजी म्हणाली, तेजाब टाका, म्हणजे ॲसिड. दुकानातून बाटली आणली. पण परक्या गावच्या बाटलीवर माझा भरवसा कुठला? वडिलांची पावडर आधी भरपूर पसरली, मग वरून तेजाब ओतलं. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की जास्त चांगलं होणार, असा माझा हिशोब. मी चौथी शिकलेली.

फसफसलं आणि खालून धूर उठला. रंग सांगू? भाताचा तरवा असतो ना, लावणीआधीची कोवळी रोपं, अगदी तो रंग. गाव सोडल्यापासून तो हिरवा पाहिला नव्हता. मी झाडू धरून बघत उभी राहिले. घसा जळायला लागला तरी बघत होते. इतकी मूर्ख मी त्याआधी झाले नव्हते आणि नंतरही नाही.

मला बाहेर ओढलं ते सुमनने, माझ्या मुलीने. अकरावीत होती, सायन्स घेतलेलं आणि केमिस्ट्रीत नापास. शाळेत ॲसिड सांडून दोन ओढण्यांना भोकं पाडली होती. एकदा सरांनी नळीतला वायू ओळखायला सांगितला. वास नाक लावून नाही घ्यायचा, हाताने आपल्याकडे बोलवायचा असतो. घरी दूध नासलं का ते भांड्यात नाक घालून बघायची आमची सवय, तिने तिथेही तेच केलं. दोन दिवस खोकत होती. सर म्हणाले होते, “बेटा, ये रसोई नहीं है.” सायन्स सोडून आर्ट्स घे, असं ह्यांचं रोज चाललं होतं.

पण तो वास तिच्या नाकात बसला होता. चौकात पाऊल टाकताच ओरडली, “आई, क्लोरीन आहे. वारा येतोय त्या बाजूला व्हा सगळे. आजी, दार उघड, श्वास घेऊ नको.”

आजी दार उघडेना. सुमनने दार ठोकलं, मी शिव्या घातल्या. लुगडं आणायला गच्चीवर जाऊन यायला वेळ नव्हता. आतला खोकला बारीक होत चालला होता.

भाभीजी तोंडापर्यंत घुंघट ओढून उभी होती. चार मुलांची आई, पण सासऱ्याने तिचा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्या घुंघटावरून सासूबाई तिला ऐकू जाईल असं मराठीत बोलायच्या, की ही चुलीत पडेल एक दिवस. भाषा कळत नसली तरी बोलणं कुणाबद्दल चाललंय ते बाईला कळतंच.

तिने डोक्यावरून ओढणी काढली. सासऱ्यासमोर, दिवसाढवळ्या, उघड्या डोक्याने चालत गेली आणि दाराला तोंड लावून म्हणाली, “मांजी, मेरी ले लो. अब तो मैं भी ऐसी ही खड़ी हूँ.”

म्हातारबुवांनी भिंतीकडे तोंड केलं.

कडी वाजली. सासूबाई लालभडक ओढणीत, कपाळापासून गुडघ्यापर्यंत झाकलेल्या, बाहेर आल्या. डोळे सुजलेले. सुमनने त्यांना कडुलिंबाखाली बसवून डोळ्यांवर पाणी मारलं, मग दवाखान्यात नेलं. आवाज बरेच दिवस बसलेला होता. घरात फार शांतता होती, खोटं कशाला बोलू.

लोकांना वाटेल, त्यानंतर त्यांनी घुंघटाला नावं ठेवणं सोडलं. नाही सोडलं. फक्त भाभीजी समोर असली की गप्प बसायच्या, आणि फराळाचं पहिलं ताट तिच्याकडे जायचं. आर्ट्सचं नाव आमच्या ह्यांनी परत काढलं नाही. सुमन केमिस्ट्रीत कशीबशी पास झाली.

पुढे बदली परत झाली, तेव्हा आम्ही गेलो नाही. ह्यांनी बढती नाकारली. गावाकडचे विचारतात, आता मेट्रोच्या खांबांखाली कसलं घर तुमचं? जे माझ्यासारखे कुठे कुठे जाऊन राहिले, ते नाही विचारत. तरवा मला अजून दिसतो, झोपेत, वाऱ्याने हललेला. जाग येते तेव्हा मोर ओरडत असतो आणि मी माझ्या घरी असते.

सासूबाई त्या धुरातून वाचल्या आणि पुष्कळ वर्षांनी, म्हातारपणाने, याच घरात गेल्या. भाभीजी मागच्या थंडीत गेली. सुमन आहे. मी आहे.