उंदरं वाढवणारी पोरगी

राहुरीला एसटीत एक पोरगी शेजारी येऊन बसली. सारखी तळहात चोळत होती. मी विचारलं, "थंडी वाजती का?"

"सवय लागलीये, आजोबा. गार हातानं उचललं की उंदीर दचकतात."

ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत खुरटी राहिलेली उंदरं इंजेक्शन देऊन वाढवायची. मी म्हणालो, "आमी औषध घालून उंदरं मारतो, तुमी औषध टोचून वाढवता. चांगलंय."

पोरगी खो खो हसली. मग ओंजळ करून उंदीर केवढा ते दाखवलं, जसा काय तिथंच बसला होता. म्हणाली, वाढीचं हार्मोन डोक्यातल्या एका ग्रंथीतून, म्हणजे गाठीतून सुटतं. या उंदरांत गाठ असते, पण तिला सोड म्हणून सांगणारं काही नसतं. "ते सांगायचं काम आमच्या इंजेक्शनचं."

"आन तरी न्हाई सुटलं तर?"

"मग दुसऱ्या तऱ्हेनं सांगून बघायचं."

पुढं तिनं घरी कोण कोण असतं ते विचारलं. बायको वारली एवढंच सांगून मी खिडकीकडं तोंड केलं. लेक फोनवर आईचा विषय काढायची, तेव्हाही मी फोन ठेवून द्यायचो. पोरीनं पुन्हा तळहात चोळले. मग म्हणाली, "आजी भांडायच्या का हो तुमच्याशी?"

असं मला कुणीच विचारलं नव्हतं. "लई," म्हणालो, आणि नगर येईपर्यंत बोलतच राहिलो. पोरगी पोट धरून हसत होती आणि माझे डोळे गळत होते.

त्या दिवशी लेकीला मीच फोन लावला. म्हणालो, "तुझी आई मला काय काय बोलायची, ऐकतीस का?"