ग्यारंटी तोतारामची, वॉरंटी कंपनीची

जळगावात घेवरचंद शेठच्या विजेच्या सामानाच्या दुकानात तोताराम काउंटरवर उभा राहायचा. गिऱ्हाईक नुसतं पंख्याकडे बघायला लागलं, की त्याचा उजवा हात आपोआप वर. काउंटरवर फाडकन थाप! "घेऊन जा, नाना! ग्यारंटी!" पंखा असो, इस्त्री असो, साधी बॅटरी असो. त्या थापेच्या भरवशावर यावलकडची माणसं डोळे मिटून माल न्यायची.

मग नव्या कंपनीचे मिक्सर आले आणि शेठनं त्याला आत बोलावलं. "देखो तोताराम, अब ग्यारंटी बोलना बंद. इसपे वॉरंटी है."

"एकच झालं ना, शेठ?"

"एक कैसे? ग्यारंटी मतलब बिगडा तो नया देना. वॉरंटी मतलब बिगडा तो कंपनी सुधारके देगी."

तोतारामनं हे गावाकडच्या एस्टीत घोळवलं आणि बैलबाजारात बसवलं. विकलेला बैल बसला, तर दुसरा बैल आणून देणं ही ग्यारंटी. बसलेल्या बैलाला ढोरांचा डॉक्टर आणून देणं ही वॉरंटी. गिऱ्हाइकं हसायची, मिक्सर न्यायची. थाप मात्र बंद. हाताचं काय करावं कळेना, म्हणून तो कान खाजवत राही.

एक दिवस त्याच्याच गावची बेबाबाई आली. लग्नाच्या जेवणावळींचे मसाले वाटून पोट भरणारी. पाट्यानं खांदा धरलेला. बैलाची गोष्ट तिनं मधेच तोडली. "भाऊ, ते बैलाचं राहू द्या. तुम्ही सांगा, घेऊ का?"

हात वर गेलाच. फाडकन! "घेऊन जाय, बेबाअक्का! ग्यारंटी!"

ऐन लग्नसराईत मिक्सर जळला. बाईनं पाट्याच्या सवयीनं घमेलंभर सुकं खोबरं नि मिरच्या एकदमच कोंबल्या होत्या.

"कंपनी सुधारेगी," शेठ म्हणाले, "पर महिना लगेगा." त्यांचं काही खोटं नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी एका लग्नाचा मसाला द्यायचा होता, आणि लग्नघरचे दुसरी बाई शोधायला निघालेही होते. बेबाबाई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "थाप तं तुम्ही मारली व्हती, भाऊ."

ते वाक्य तोतारामबरोबर घरापर्यंत आलं. घरात शेठनं दिवाळीला दिलेला मिक्सर होता. बायकोनं, सुनंदाबाईनं, त्यावर विणलेला रुमाल घातला होता. तोतारामनं रुमाल काढला.

"दुकानचा बैल बसला, तं घरचा द्याचा?"

"थाप मारली गेली ना."

"अन मले काय?"

"तिचा सुधरून आला, का तो तुले."

बेबाबाईचा मसाला वेळेवर पोचला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारचा चुडामण कुंपणावरून बघतच राहिला. अंगणात तोताराम पाट्यापुढं मांडी घालून बसलेला, मांडीवर टॉवेल, डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, आणि वरवंटा काही केल्या सरळ जाईना.

"काय तोतारामभाऊ, हे काय नवीन?"

तोतारामनं टॉवेलानं नाक पुसलं. दारातून सुनंदाबाईच बोलली, "वॉरंटी चालू हाये त्याईची. मिक्सर सुधरून येईपर्यंत."